आटलेला समुद्र

काचबिंदूनं आमच्या ह्यांची नजर कडेकडेनं खात आणली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. जेवायला बसलं की ताटातली भाकरी दिसते आणि शेजारची चटणी मान फिरवून शोधावी लागते. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकवायची खटपट करू. त्या दिवशी आम्ही एसटीनं आमच्या गावी, युसूफ वडगावला, परतलो. उतरल्यावर हे एवढंच म्हणाले, "समुद्र बघायचा राहिला बग."

कापडाचं दुकान आणि आठवडी बाजार यातच ह्यांचा जन्म गेला. सायकलला गठ्ठे बांधून गावोगाव फिरलेला माणूस, आता सायकल बंद. म्हणून समुद्र बघायला दापोलीकडे मुरूडला गेलो आणि तिथं दोघांनी मिळून पायडल मारायची सायकल भाड्यानं मिळते असं कळलं, तेव्हा मी हटूनच बसले. माहेरी शाळेला मी सायकलनंच जायचे. पुढं मी बसले, मागं हे.

"आजवर म्याच हाकलत आलोय," हे कुरकुरले.

"मग आता मागं बसा. अन् पायडल मारा, नुसतं वझं होऊ नगा."

पुढच्या टोपलीत मी खण-नारळ ठेवला होता. आमच्याकडे धरण भरलं की बायका पाण्याची ओटी भरतात. समुद्राची नाही भरायची तर कुणाची? "कोकणात नारळ घिऊन चाललीस व्हय?" म्हणून हे हसले, पण नारळ काढ म्हणाले नाहीत.

नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून रस्ता चालला होता. भर उन्हाच्या दिवसांत एवढं हिरवं बघून मला तर ते खोटंच वाटत होतं. मग वळणावर झाडं सरली आणि मी ब्रेक दाबला. समोर लांबच लांब ओली वाळू, चिखलात कलंडलेल्या होड्या, आणि पार पलीकडे पाण्याची एक बारीक रेघ.

"कुठं हाय?" हे मान वळवून वळवून विचारत होते. ती रेघ काही ह्यांना सापडेना. शेवटी म्हणाले, "आटलाय की गं."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ओहोटी हा शब्द मी ऐकलेला होता. पण ऐकलेलं वेगळं आणि डोळ्यापुढचा चिखल वेगळा. उन्हाळ्यात आमचं मांजरा धरण असंच दिसतं, आणि तिथलं पाणी एकदा मागं गेलं की पावसाळ्यापर्यंत गेलंच. ह्यांच्या नजरेला तेवढी सवड कुठली? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. रिकाम्या धरणाची ओटी भरत नाहीत, म्हणून नारळ टोपलीतच राहिला.

पुढं सुरूचं बन लागलं, सावली गार होती, वारा शिट्टी घालत होता. एरवी हे म्हणाले असते, थांब जरा. आज पायडल मारतच राहिले. हर्णैला बंदरावर माणसं निवांत जाळी विणत बसली होती. समुद्र आटला तरी या लोकांना काहीच कसं वाटत नाही, म्हणून मला त्यांचा रागच आला. तिथंच डबा खाल्ला, झाडाखाली पडलो आणि ऊन उतरल्यावर परत निघालो.

तेच वळण. आधी आवाज आला, आणि ह्यांचे पाय थांबले. सायकल एकदम जड झाली. चिखल नव्हता. कलंडलेल्या होड्या उभ्या होऊन डुलत होत्या आणि पाणी थेट रस्त्याच्या कठड्यावर आपटत होतं.

कठड्यावरची वाळलेली मासळी उचलणाऱ्या बाईला ह्यांनी विचारलं, "बाई, वर कुठं पाऊस पडला का?"

"पाऊस कसला? भरती आली."

"मग सोडलं कुणी पाणी?"

ती हसली. "कोण सोडणार, काका? आपापलं येतं. दिवसातून दोनदा."

दोनदा! ढग नाही, नवस नाही, कालव्यासाठी मोर्चा नाही. एवढं पाणी जातं आणि न बोलावता परत येतं. माझ्या अंगावर काटा आला. मी टोपलीतला खण-नारळ काढला आणि समुद्राची ओटी भरली.

हे कठड्याला धरून उभे होते. डावीकडे मान, उजवीकडे मान, पुन्हा डावीकडे. मग हळूच म्हणाले, "माझ्या नजरंत मावंना गं."

माझा जीव गलबलला. मी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तुला तरी दिसतोय का समदा?"

मी खरंच बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला गेले, तर टोकच सापडेना. "न्हाई," मी म्हणाले. "मलाबी न्हाई मावत."

"मंग हितं आपण सारखेच की," हे म्हणाले. आणि डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच मान न हलवता, सरळ समोर बघत राहिले.