साडूंचा सावकाश पंखा

परमेश्वराने हवा निर्माण केली ती केवळ माझ्या साडूंनी इकडून तिकडे ढकलावी म्हणून, याबद्दल जव्हारात कुणाचंही दुमत नव्हतं. नाशकाकडच्या एका विमानाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. इंजिनं बनवण्यात नव्हे हो, स्टोअरमध्ये स्क्रू आणि वॉशर वाटण्यात! पण लग्नात अक्षता वाटणाऱ्यालाही कधीकधी वाटतं की लग्न आपणच लावलं, तशातली गत. निवृत्त होऊन जव्हारला आले ते गिअरवालं जेट इंजिन डोक्यात घेऊनच. दिसेल तिथे दोरा बांधायचा आणि हवा कुठून कुठे जाते ते बघत बसायचं. खिडकीला दोरा, छत्रीला दोरा. शिरपामाळावर फिरायला गेलो तर माझ्या टोपीला दोरा!

दर रविवारी मी मोखाड्याहून एसटीने त्यांच्याकडे जायचो आणि चहाबरोबर व्याख्यान गिळायचो. "साडूभाऊ, टर्बाईनला पळायचं असतं, पंख्याला चालायचं असतं. दोघांना एकाच दांड्याला जुंपलंत की दोघांचेही हाल. मधे गिअर घाला! पंखा मोठा, पण सावकाश. आणि बहुतेक हवा आत घेऊन जाळायचीच नाही, बाजूनेच मागे ढकलायची. कमी जाळा, जास्त ढकला!" मी एका सरकारी कचेरीत कारकून. हे तत्त्व आम्हाला केव्हाचं अवगत होतं. बहुतेक अर्ज आम्हीही आत घेत नसू, बाजूनेच पुढे ढकलत असू. फरक इतकाच, की आमचं विमान कधी उडालं नाही.

एवढ्या हवेत एकाच माणसाला हवा पुरत नव्हती. ती म्हणजे अक्का, त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. तिला दमा. चुलीचा धूर बंद करा, नाहीतर हिला इथून हलवा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. स्टोव्ह पेटवावा तर गावात रॉकेलची बोंब. शेवटी अक्काला कायमची माहेरी न्यायला तिचा भाऊ यायचं ठरलं. साडूंचा चेहरा पडला. दोन दिवस एकाही वस्तूला दोरा बांधला नाही. तिसऱ्या दिवशी ओरडले, "गिअर!"

रसवंतीच्या मोडक्या चरकाची दातेरी चाकं आणली, सायकलची पॅडलं आणली. बाजारातल्या पत्रेवाल्या कासमचाचांनी पत्र्याची भलीमोठी पाती कापून दिली आणि वर बजावलं, "भाईसाब, पंखा तो बना दिया, अब घर उड गया तो मेरे को मत बोलना." भाऊ आला त्याच दिवशी उद्घाटन. अक्काने चूल पेटवली, साडू भिंतीपलीकडे पॅडलवर बसले. चुलीवरच्या खिडकीत बसवलेला पंखा काय झोकात फिरला! आणि चुलीचा सगळा धूर माजघरात, पाहुण्यांच्या अंगावर! कारण विमानाच्या इंजिनाचं तोंड पुढे असतं, म्हणून या पठ्ठ्याने पंख्याचं तोंड मोखाड्याच्या रस्त्याकडे केलं होतं. बाहेरची हवा आत, धूरही आत. "अहो, घर कुठे उडत निघालंय का?" मी खोकत ओरडलो. भाऊ संतापून अक्काची ट्रंक बाहेर काढायला लागला. अक्का अंगणात धापा टाकत होती. साडू तिच्यापुढे उभे राहिले, हात काळे, डोळे लाल. "एकदा उलटा लावून बघतो गं," एवढंच म्हणाले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

उलटा लावला. धूर शहाण्यासारखा खिडकीबाहेर गेला. अक्काने नाचणीची पहिली भाकरी थापली, खोकली नाही, आणि भावाला म्हणाली, "ट्रंक आत ठेव."

पुढे कित्येक वर्षं भिंतीच्या अलीकडे भाकऱ्या आणि पलीकडे पॅडल. खिडकीतला दोरा फडफडला की अक्काला कळायचं, हे बसलेत. शेवटची भाकरी झाली की ती हाक मारायची, "अहो, पुरे आता, दमाल!"

आता घरात गॅस आला. धुराचं नाव नाही. साडूही नाहीत. परवा अक्काकडे जेवायला गेलो होतो. तिने शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली. डोंगरावरून वाऱ्याची झुळूक आली, खिडकीतला जुना दोरा हलला, आणि अक्का भिंतीकडे वळून म्हणाली, "अहो, पुरे आता, दमाल!"

मग माझ्याकडे बघून ओशाळली. "सवय हो, भावोजी."

मी आपला मान खाली घालून जेवत राहिलो.