मामाच्या तोंडातले खिळे

माझा मामा सोफे बनवायचा. मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचा आणि जिभेने एकेक पुढे सरकवत हातोडीखाली द्यायचा. बोलणंही त्यातूनच चालायचं. "पलवा या, फोफा तयाल!" आम्हा पोरांना त्याची हुबेहूब नक्कल करायची तर तोंडात चणे भरावे लागायचे. गिऱ्हाईक हसलं की मामा दुप्पट ऐटीत ठोकायचा.

पुढे मामाच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि बजावलं, "कुठून रक्त आलं तर लगेच दाखवायला या, पण गोळी स्वतःहून बंद करू नका."

खिळ्यांनी हिरड्या सोलवटायच्याच, आता त्यातून येणारं रक्त लवकर थांबेना. डॉक्टर खिळे तोंडात धरू देणार नाहीत, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने गोळीच बंद केली.

मामी म्हणाली, "अहो, विचारून तरी या!"

"रक्त थांबलं ना? मग झालं तर. उगाच डोकं खाऊ नकोस."

काही आठवड्यांतच रक्ताची गुठळी मेंदूत अडकली. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली.

आता मामी गोळी हातावर ठेवते आणि मामा निमूट गिळतो. परवा एक जुनं गिऱ्हाईक फाटकी खुर्ची घेऊन आलं. मामाने डाव्या हाताने तिची गादी बराच वेळ चाचपली, मग मान हलवून नाही म्हटलं. ते गेल्यावर तो मामीला सावकाश, शब्द जुळवत म्हणाला, "खिळे वाटीत ठेवले असते, तरी चाललं असतं गं."