सासऱ्यांची लॉक फाइल

पोंभुर्ण्याला माझ्या सासरी न्हाणीच्या दाराला कडी नव्हती. दारावर टॉवेल दिसला की आत माणूस आहे असं समजायचं आणि निमूट परत फिरायचं. एवढ्या साध्या व्यवस्थेत गोंधळ घालायला इंजिनिअरच लागतो!

त्या सकाळी मला साहेबांना ऑनलाइन काम दाखवायचं होतं आणि नेमका लॅपटॉप रुसला. पॅकेज मॅनेजर, म्हणजे लागणारं सॉफ्टवेअर आणून बसवणारा प्रोग्राम, एकच पालुपद लावून बसला: 'लॉक फाइल आहे. दुसरं काम चालू आहे. थांबा.' किती थांबायचं?

"काय होऊन राह्यलं जी, जवाई?" सासऱ्यांनी विचारलं. (मिशी काळीभोर, पिळदार. या वयातही एक केस पांढरा नाही, याचा त्यांना कोण अभिमान!)

"मामाजी, लॉक फाइल म्हणजे तुमच्या न्हाणीवरचा टॉवेल समजा. काल लाइट गेली, बॅटरी संपली, लॅपटॉप अर्ध्यात बंद पडला. आता आत कोणी नाही, पण टॉवेल तसाच लटकतोय."

"मंग काढून फेका न टॉवेल! काऊन बसले त्याच्याकडं पाहात?"

ती फाइल उडवली आणि सगळं सुरळीत सुरू झालं! (उडवण्याआधी आतलं काम खरंच बंद आहे ना, हे तपासायचं असतं. ऑफिसात नव्या पोरांना हे मीच शिकवतो.) मामाजी "बांधीत जाऊन येतो" म्हणत भाताच्या शेताकडे जायला उठले. थोड्या वेळाने मी आंघोळीला निघालो.

न्हाणीवर टॉवेल! पाण्याचा आवाज नाही, खोकला नाही. बायको चुलीपाशी, सासूबाई अंगणात, मामाजी धानाच्या बांधीत. आणि मीटिंग डोक्यावर आलेली.

"अहो, थांबा नं! टॉवेल हाये दारावर!" बायको ओरडली.

"शिळा आहे तो!" मी टॉवेल ओढला आणि दार ढकललं.

आत आरशासमोर मामाजी. मिशीवरचा जुना रंग धुतलेला, हातात कलपाचा ब्रश. अर्धी मिशी काळी, अर्धी कापसासारखी पांढरी!

"जवाई! काम चालू हाये नं अंदर!"

सासूबाई धावत आल्या, डोकावल्या आणि तिथेच मटकन बसून हसत सुटल्या. "अवो माय! बांधीतून आले का मिशी काऊन चमकते, ते आज समजलं!"

मीटिंग झकास झाली. बिनआंघोळीची.

बाकीच्या जावयांना सासरी मानाची अंगठी मिळते. माझ्या मानासाठी मामाजींनी त्याच दिवशी बाजारातून कडी आणून बसवली. आतून.