दुधाची डिग्री

त्या सोमवारी परळीला निघालो तेव्हा माझ्या हातात दुधाची किटली होती, पिशवीत बेलाची पानं होती आणि डोक्यात देवाशी करायचं भांडण होतं. भांडण मी वाटेत दोनदा घोकूनही घेतलं. श्रद्धेचं म्हणाल तर ती त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीसारखी झाली होती. तळाला ओल असेल तर असेल, पोहऱ्यात काही येत नव्हतं.

आमची प्रतीक्षा तिसऱ्यांदा नापास झाली होती. (मुलीचं नाव प्रतीक्षा ठेवलं ही चूक आमचीच, परीक्षा घेणाऱ्यांची नव्हे.) ती सहा वर्षं बर्फाच्या देशात राहून डॉक्टर होऊन आली. पण बाहेर शिकून आलेल्यांना इथं आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती पास होईपर्यंत साधी तापाची गोळीही लिहून देता येत नाही. पोरं तिला ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. गावात त्याचं ‘स्किनिंग’ झालं, आणि पोरीला कातडीचा काही रोग आहे म्हणून ती बाहेर निघत नाही, अशी बातमी पसरली. आलेली दोन स्थळं त्या रोगानंच परत गेली.

नवसांत मी कसूर केली नव्हती. पहिल्या वेळी नारायणगडाला बोललो. दुसऱ्या वेळी कपिलधारला गेलो, तर तिथला धबधबाच आटलेला. ज्याची स्वतःचीच पंचाईत झालीय त्याला काय साकडं घालायचं, म्हणून नुसता नमस्कार करून परतलो. हे सगळं मी आज हसत सांगतोय. तेव्हा घरात कुणी हसत नव्हतं. तिसऱ्या निकालानंतर पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. पुस्तकं तिनं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. “आण्णा, मी आता पेपर देणार नाही,” एवढंच बोलली, आणि पुढं बोलणंच बंद केलं. एके दिवशी तिच्या आईनं सुतार बोलावून खोलीची आतली कडी काढून घेतली. का काढली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून आम्ही दोघं पाळीपाळीनं त्या दारापाशी बसू लागलो. तांदूळ निवडायला, पेपर वाचायला, काहीही निमित्त काढून.

मी गावातल्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासतो. त्यासाठी काचेची एक नळी असते. ती दुधात सोडायची. दूध सकस असेल तर ती वर तरंगते, पातळ असेल तर खाली जाते. नळीवर जो आकडा दिसतो त्याला आमच्याकडं डिग्री म्हणतात. डिग्री लागली नाही की दूध परत. त्या सोमवारी सकाळचं दूध उरकून तसाच निघाल्यामुळं नळी पिशवीतच राहिली होती.

वैजनाथाच्या पायऱ्या चढताना धाप लागली म्हणून मधेच टेकलो. बेल काढायला पिशवी उघडली, तर शेजारी एक बाई बसली होती, तिला नळी दिसली.

“डॉक्टर हायसा व्हय?”

“न्हाई मावशी. दुधवाला. ह्यानं दुधाची डिग्री बघत्यात.”

“मंग माजं बघा की. देवाला घालायचंय, कळू तरी द्या कसं हाय.”

तिच्या लहानशा किटलीत नळी सोडली. ती सरळ खाली गेली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून रामराम केल्यासारखं निघून गेलं, “मावशी, पाणी किती घातलंय?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. “पानी? अवो दादा, घालाया पानी कुटं हाय? असतं तर गायीलाच नसतं का पाजलं?”

मी नळी बाहेर काढली.

“दोन म्हैनं झालं, उसाचं वाळलेलं वाडं खाऊन हुबी हाय,” ती म्हणाली. “तरी सकाळी आचळाला हात लावला की देतीया. जेवढं हाय तेवढं देतीया. तिची काय चूक?” मग हनुवटीनं वर देवळाकडं दाखवत म्हणाली, “आन् ह्यो काय डिग्री बघून घेतो व्हय?”

किटली उचलून ती पायऱ्या चढून गेली. मी नळी पुसून पिशवीत ठेवली.

परळीत गाभाऱ्यात जाऊन पिंडीला हात लावता येतो. आत अमृत आणि धन्वंतरी लपलेत अशी आमच्याकडं कथा आहे. माझं घोकलेलं भांडण तेच होतं, की वैद्यांचा नाथ म्हणवतोस आणि एका पोरीला वैद्य होऊ देत नाहीस? पण थंड दगडावर हात टेकला आणि त्यातला एक शब्द आठवेना. दूध घातलं. “जशी आहे तशी तुझी आहे, सांभाळ,” एवढंच म्हणता आलं. पास कर म्हणायचं राहूनच गेलं. बाहेर आलो तर ती बाई कुठं दिसली नाही. तिचं गावही विचारलं नव्हतं.

घरी येऊन दारापाशी बसलो आणि घडलं ते भिंतीकडं तोंड केलेल्या पोरीला सांगितलं. फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता, पण त्याचं नाव काढलं नाही. मग ती वळली.

“खरंच म्हणाली? पाणी कुठंय म्हणून?”

“खरंच.”

तिचा चेहरा हसल्यासारखा झाला आणि तसाच विसकटला. “आण्णा, मीही पाणी नव्हतं घातलं हो. तिथं पेशंटची भाषाच कळायची नाही. नुसती पुस्तकं वाचली. जेवढं होतं तेवढंच आलं माझ्याकडून.”

“माहीत हाय, बाळा.”

खरं तर मला ते त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. ती आईच्या मांडीवर पडून खूप रडली, मग उठून तोंड धुतलं, आणि पोतं माळ्यावरून खाली काढायला मलाच चढवलं.

त्याच संध्याकाळी फॉर्म भरला, पण त्या वेळीही ती नापास झाली. चमत्कार ऐकायला बसलेल्यांची मी क्षमा मागतो. पाऊसही आला नाही. संस्थेचे निम्मे सभासद कोयते घेऊन ऊसतोडीला निघून गेले. पण निकालाच्या दिवशी पोरगी स्वतः अंगणात येऊन म्हणाली, “आण्णा, डिग्री थोडक्यात हुकली,” आणि आम्ही तिघं बसून चहा प्यालो. मी सगळं भरून पावलो ते त्या चहाला. पास ती त्याच्या पुढच्या वेळी झाली.

आता ती एका सरकारी दवाखान्यात निवासी डॉक्टर आहे, लहान मुलांकडं. परवा फोन आला. एक सासू सुनेला घेऊन आली होती, हिच्या अंगावरच्या दुधात कस नाही म्हणून बाळ अंग धरत नाही, अशी तक्रार घेऊन. सून बिचारी मान खाली घालून उभी.

“मग तू काय केलंस?”

“आधी सुनेला विचारलं, तू काय जेवलीस?”

त्या पायरीवरची बाई कोण होती, मला माहीत नाही. संस्थेत आजही नळी सोडतो, नियम आहे. डिग्री नाही लागली तर दूध परतही करतो, जीव जड करून. पण पाणी किती घातलंय, हे विचारणं सुटलं. आणि सोमवारी परळीला गेलो की चपला जिथं काढतो, तिथंच नळीची पिशवीही ठेवतो.