मारिटला आलेल्या शाली

मारिट ओपडाल आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि मी तिच्या शेजारी बाकावर बसून पानं उलटतो. लोक म्हणतात, ऑर्व्हिल, त्यात काय एवढं? त्यांना म्हणावं, बसून बघा एकदा. मारिटची हनुवटी जराशी खाली आली की पान उलटायचं. लवकर उलटलं तर ती अडखळते, उशीर झाला तर अख्खं चर्च अडखळतं आणि मग खाली तळघरात कॉफी पिताना सगळे माझ्याकडे प्रेमाने बघतात. आमच्या गावात प्रेमाने बघितलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

मारिट शाळेत होती तेव्हापासून त्या बाकावर आहे. गावातलं प्रत्येक लग्न आणि प्रत्येक मयत तिने वाजवून पार पाडली. माझी बायको वर्ना गेली तेव्हा कुठलं गाणं घ्यायचं हे मला सुचेना, तर मारिटने न विचारता बरोबर वर्नाचंच गाणं वाजवलं. बोटांना तिच्या सगळं कळतं. माणसांच्या बोलण्यातलं मात्र काही कळत नाही. तिला टोमणा मारणारा बिचारा दमून घरी जातो. "काय मारिट, आज गाणी फार हळू घेतलीस," असं कुणी म्हटलं की ती खूश होऊन म्हणते, "हो ना? मलाही तशीच आवडतात."

तिचं लग्न उशिरा झालं. कर्टिस भला माणूस, साखर कारखान्याला बीट नेणारे ट्रक चालवतो. मूल होण्याची आशा दोघांनी सोडली होती आणि चाळिशीत टोरा झाली, तीही महिनाभर आधी, ऐन बीटच्या हंगामात. पोरगी एवढीशी, माझ्या हातमोज्यात मावेल अशी. आणि मारिटला दूध उतरेना.

शहरातल्या दवाखान्यातली नर्स बाळाला पाजायच्या आधी तोलायची आणि पाजल्यावर पुन्हा तोलायची. मी जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली, त्यामुळे मारिट हे सगळं मला येऊन सांगायची. आम्ही ट्रक आधी भरलेला तोलतो, मग रिकामा. इथे उलटं. पण टोराचा काटा हलायचाच नाही. गावाने सल्ल्यांचा नुसता पाऊस पाडला. ओट खा, काळी बिअर पी, गरम शेक घे आणि शेवटी सगळ्यांचं एकच, "वरचं दूध दे आणि सुटका कर स्वतःची." मारिटने ओट खाल्ले, बिअर प्यायली, शेक घेतला. वरचं दूध बाटलीतून दिलंही, नाहीतर पोर जगली नसती. पण छातीला लावायचं तिने सोडलं नाही. "चिरा पडल्यात, ऑर्व्हिल," ती मला सांगायची, "रक्त येतं." मी गाण्याच्या पुस्तकात डोकं घालायचो. सत्तर वर्षांच्या विधुराने यावर बोलायचं तरी काय? चर्चमध्ये गाणाऱ्यांचे झगे टांगायच्या खोलीत बसून ती यंत्राने दूध काढायची. बाहेर येऊन म्हणायची, "या यंत्राचा ताल चुकतो."

मग एका दुपारी आम्ही दोघंच सराव करत होतो. चर्च रिकामं, बाहेर बर्फ. टोपलीत टोरा रडायला लागली. मारिटने वाजवता वाजवता तिला उचललं, मांडीवर घेतलं, फारशी आशा न ठेवता छातीला लावलं. डावा पाय मात्र तसाच ऑर्गनच्या पायाने वाजवायच्या पट्टीवर राहिला. सगळ्यांत खालचा तो सूर. तो वाजतो तेव्हा बाक थरथरतो, माझे दात थरथरतात. आणि टोरा रडायची थांबली. मी चोरून बघितलं. तिचे गाल हलत होते.

"ऑर्व्हिल," मारिट कुजबुजली, "पाय उचलू की नको?"

"खबरदार उचललास तर," मी म्हणालो.

किती वेळ तो सूर चालला कोण जाणे. मारिटच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. माझा रुमाल धुतलेला होता, म्हणून मी पुसलं.

त्या दिवसापासून टोराने बाटलीला तोंड लावलं नाही. कर्टिसने करून बघितलं, सासूने करून बघितलं. एवढीशी पोर, पण ओठ असे मिटायची, जसं आमच्या चर्चचं मंडळ निवडणुकीच्या वेळी तोंड मिटतं. मारिटला हवं होतं तेच झालं, पण आता दोघींना तासभरसुद्धा वेगळं राहता येईना. म्हणून रविवारी टोरा आईबरोबर ऑर्गनपाशी येऊ लागली.

आमचा ऑर्गन पुढे आहे, एका बाजूला, सगळ्यांच्या नजरेसमोर. पास्टर जोएल प्रवचनाला उभे राहिले की मारिट ब्लाउजची बटणं काढायची आणि पाजायला घ्यायची. गाजावाजा नाही, लपवालपवीही नाही. पहिल्या रविवारी मी छताकडे बघत बसलो. छताच्या फळ्या मोजल्या, एका फळीला ओल आलीय हेही कळलं, पण प्रवचन संपलेलं कळलं नाही आणि पान उलटायचं राहिलं. कॉफीच्या वेळी सगळे माझ्याकडे फार प्रेमाने बघत होते.

मारिटला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. आमच्याकडे विणतात.

चर्चमध्ये बायकांचं एक विणकाम मंडळ आहे. आजाऱ्यांसाठी, दुःखात असलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत शाली विणतात. आर्डिस हॉगन त्याची प्रमुख, ऐंशीची बाई, पाठ ताठ, आणि तिच्यापुढे पास्टरसुद्धा सरळ बसतात. पुढच्या रविवारी आर्डिसने मारिटला एक शाल दिली. छान राखाडी, मोठी. "अंगावर घ्यायला," ती म्हणाली. "पुढून." त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी दोन आल्या. मग निळी आली, मग हिरवी आली, मग झालर लावलेली एक आली, तिच्याखाली अख्खं वासरू झाकलं गेलं असतं.

मी काय ते समजलो. मारिट नाही समजली. तिने त्या शाली पाहून रडायचंच बाकी ठेवलं. "ऑर्व्हिल, बघा हो किती माया करतात या! मला वाटायचं, मी आपली वाजवते आणि घरी जाते, कुणाला माझं काही नाही." निळी शाल तिने टोराच्या टोपलीत अंथरली, हिरवी घरातल्या थंड खिडकीला लावली, झालरवाली कर्टिसला ट्रकमध्ये दिली. आणि रविवारी पुन्हा बटणं काढून, सगळ्यांकडे हसून बघत, उघड्यावर पाजायला बसली. समोर आर्डिसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला हसू आवरेना, पण हे फार दिवस टिकणार नाही हेही मला दिसत होतं.

शेवटी चर्चच्या मंडळाने पास्टर जोएलना पुढे केलं. तरुण माणूस, वाद म्हटला की मानेवर लाल चट्टे उठतात. तेव्हा मी तिथेच गाण्याची पुस्तकं लावत होतो.

"मारिट, तक्रार कुणाचीच नाही हं," ते म्हणाले. "फक्त काहींना वाटतं, मागे काचेची खोली आहे, रडणाऱ्या मुलांसाठीच आहे, तिथे तुम्हाला जास्त निवांत…"

"पण तिथून वाजवू कशी?"

"तेच. म्हणजे, निदान शाल तरी. त्यासाठीच तर बायकांनी…"

मारिटच्या चेहऱ्यावर एकेक शाल उलगडत गेलेली मला दिसली, राखाडी, निळी, हिरवी. "अच्छा," ती म्हणाली. "त्या त्यासाठी होत्या." मग म्हणाली, "शालीखाली ती पीत नाही हो. घामेजते, सोडून देते. पुन्हा धरायला लावणं… मला पुन्हा ते नाही जमायचं." तिने पिशवीतून ऑर्गनची किल्ली काढून पास्टरांच्या हातावर ठेवली. ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच ते बघवेना. ज्या एका जागी तिला सगळं कळत होतं, ती जागा तिने पोरीच्या दुधासाठी सोडून दिली.

मग आम्ही यंत्रावर गायला लागलो. मंडळाने कुठूनतरी विजेवर चालणारी एक पेटी आणली, तिच्यात सगळी गाणी आधीच वाजवून भरलेली. ती पेटी कुणासाठी थांबत नसे. आम्ही श्वास घेत असू तेव्हा ती पुढच्या कडव्यात. मारिट दर रविवारी यायची, मागे काचेच्या खोलीत बसायची, टोराला पाजायची. मान वळवली की दिसायची. गाणं सुरू झालं की तिची हनुवटी हलायची आणि इकडे माझा हात उगाचच उचलला जायचा.

मला राहवेना. मी आर्डिसच्या घरी गेलो. तिने कॉफी दिली, लिंबाच्या वड्या ठेवल्या, हवेबद्दल बोलली. मी म्हटलं, "आर्डिस, हवा खड्ड्यात गेली. त्या पोरीची किल्ली परत दे."

"किल्ली मी घेतली नाही."

"विणून घेतलीस."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता घराबाहेर काढते. बराच वेळ ती टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत बसली.

"ऑर्व्हिल, मला चार मुलं झाली," ती म्हणाली. "चारही वेळा बाळंतपणाच्या गुंगीतून शुद्धीवर आले तेव्हा छाती करकचून बांधलेली होती. दूध आटवायचं इंजेक्शन दिलेलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाजणं आता जुन्या काळचं झालं. डब्याचं दूध, त्यात साखरेच्या पाकाचा थेंब, उकळलेल्या बाटल्या. माझ्या बहिणीचं तेच, शेजारणीचं तेच. धाकट्याच्या वेळी घरी आल्यावर तो रडला आणि माझा झगा पुढून भिजला. इंजेक्शन देऊनसुद्धा. मला इतकी लाज वाटली, की मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. दार का लावलं, ते मला आजही सांगता येणार नाही."

वर्नाला मूल झालं नाही, पण झालं असतं तर तिचीही छाती बांधली असती आणि मीही डॉक्टरांना धन्यवाद दिले असते.

"ती तिथे बसते ना पाजायला," आर्डिस म्हणाली, "तेव्हा मला बघवत नाही, आणि दुसरीकडेही बघवत नाही. ऐंशी वर्षांची झाले, ऑर्व्हिल. गायीचं वासरू बघितलं, मेंढीचं कोकरू बघितलं. बाईचं मूल पिताना मी कधी बघितलेलंच नव्हतं."

तिने मला आणखी एक वडी दिली आणि विषय बदलला. मला वाटलं, झालं, आलो तसा परत चाललो.

त्या रविवारी शेवटचं गाणं सुरू होतं. पेटी पुढे, आम्ही मागे, नेहमीसारखंच. दुसऱ्या कडव्यात आर्डिस तिच्या जागेवरून उठली. गाणं चालू असताना आमच्याकडे कुणी उठत नाही, छप्पर पडलं तरी. ती पुढे गेली, वाकली, आणि पेटीची वायर भिंतीतून ओढून काढली.

आमचे आवाज एकेक करून बंद पडले. आर्डिस मधल्या वाटेने मागे निघाली. काचेच्या खोलीचं दार तिने उघडं टाकलं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मारिट, चल पुढे."

"आत्ता नको, आर्डिस. पितेय ती."

"दिसतंय मला. तशीच चल."

मारिटने एकदा तिच्याकडे बघितलं. मला भीती वाटली की आताही तिला काहीतरी वेगळंच कळेल. पण ती उठली. टोरा छातीला, ब्लाउज उघडा, आणि शेजारी आर्डिस, अशा दोघी सगळ्या चर्चमधून चालत आल्या. मी धडपडत बाकापाशी गेलो. पास्टर जोएलनी खिशातून किल्ली काढली, मान लाल झालेली होती, पण काढली. आर्डिसने मारिटला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली. मला वाटलं, ती आडोसा करतेय. पण तिने पाठ लोकांकडे केली होती आणि वाकून टोराकडे बघत होती.

सगळे उभे होते, हातात पुस्तकं, गाणं अर्धवट. इतकं शांत झालं की टोराचा घोट ऐकू यायला लागला. गिळायची, थांबायची, पुन्हा गिळायची. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असणार. मी छताकडे बघितलं नाही. मी रडत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

"हे असं किती वेळ चालतं गं?" आर्डिसने विचारलं. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती हळू बोलते असं फक्त तिलाच वाटतं.

"तिचं पोट भरेपर्यंत," मारिट म्हणाली.

आर्डिसने मान हलवली. मग ती लोकांकडे वळली.

"बसा सगळे," ती म्हणाली.

आम्ही बसलो.