पाणीवालीचा पहिला घोट

आमची पाणीवाली भिंतीला पाणी मारायच्या आधी एक घोट स्वतः घ्यायची. तोंडात फिरवायची, डोळे मिटायची, गिळायची आणि मग म्हणायची, "चालते." तिचं "चालते" आल्याशिवाय साइटवर पाइप सुरू होत नसे. पाणीवाली म्हणजे माझी बायको. कामावर तिला कोणी नावानं हाक मारली नाही, मीही नाही. त्या घोटानंच ती गेली. आणि ती सवय तिला मी लावली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी मला भला माणूस समजू नये.

मी मिस्त्री. चौथीपर्यंत शिकलो, पुढं थापी धरली. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला कामावर घेऊन गेलो. सिमेंटला मीठ चालत नाही. खाऱ्या पाण्यानं प्लास्टर फुगते, आतलं लोखंड सडते. आमच्या भागात बोअरचं पाणी एका गावात गोड, तर पुढच्या गावात खारं. ते पाहायला आमच्याजवळ जीभ सोडून दुसरं काय होतं? पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, "जे पाणी आपल्याले पेता येते, तेच भिंतीले द्याचं. आधी चाखून पाह्यत जाजो." एवढंच. मी स्वतः वर्षभरात चाखणं सोडलं. ती चाळीस वर्षांत एक दिवस चुकली नाही.

जाम गावच्या चौरस्त्यावर एका हॉटेलचं काम होतं. ठेकेदारानं टँकर आणला. हिनं घोट घेतला आणि त्याच्या बुटापाशी थुंकली. तो भडकला. "का वं, माजली काय?" ही शांतपणे म्हणाली, "एक गिलास तू पेऊन दाखव, मंग मी टाकतो." चार मजूर हसले. ठेकेदारानं गिलास हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि टँकर परत पाठवला. संध्याकाळी मी तिला म्हटलं, काम गेलं असतं तर? ती म्हणाली, "काम गेलं तर दुसरं भेटन. भिंत पडली तर तिच्याखाली कोण असन, हे तुमाले मालूम हाय काय?"

ओल्या स्लॅबला ती बाळंतीण म्हणायची. "इले दहा दिवस एकटी सोडाची नाई." स्लॅबवर सिमेंटच्या मसाल्याची आळी करून पाणी भरून ठेवायची आणि भर उन्हात उलटा हात टेकवून पाहायची, पोराचा ताप पाहावा तसा. वडनेरला माझ्या सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं. अक्षता पडल्या आणि ही चप्पल घालून उभी. पंगत बसली नव्हती. वहिनीनं टोमणा मारला, "जा बाई, तुझा स्लॅब रडून राह्यला असन." ही म्हणाली, "तेच तं." आणि खरंच निघाली. मी जेवून मागून गेलो. रागावून गेलो होतो, पण ती वर एकटीच पाणी भरत होती, नव्या लुगड्याचा काठ भिजला होता, तेव्हा मग मीही पाइप धरला.

शेवटचं मोठं काम म्हणजे वर्ध्यातली ती बारा मजली ऑफिसची इमारत. आमच्या वर्ध्यात बारा मजले म्हणजे मान मोडते पाहताना. लोक तिला हिरवी बिल्डिंग म्हणतात. काचा अशा की ऊन आत येते पण झळ येत नाही. गच्चीवर सूर्याची वीज. राखेच्या हलक्या विटा. त्या विटांवर हिचा विश्वास बसला नाही. "ही वीट पाणीच मांगत नाई, मिस्त्री. मढ्यासारखी पडून राह्यते." आणि बाहेरून प्रत्येक मजल्यावर कुंड्या, त्यातून खाली सोडलेल्या वेली. तळघरात दोन टाक्या होत्या. त्या मीच बांधल्या. एक चांगल्या पाण्याची, एक संडास-बाथरूमच्या पाण्याची. दोन्हींच्या भिंतींना पाणी हिनं मारलं. दुसऱ्या टाकीपाशी पाणी साफ करायचं मशीन बसलं. तिथून पाइप वर चढताना मी पाहिले. कुठं जातात, ते विचारलं नाही. मिस्त्रीनं विचारायचं नसते, असं मला वाटे.

इमारत झाली. माझे गुडघे गेले, मी घरी बसलो. हिला मात्र ऑफिसच्या साहेबांनी वेलींना पाणी द्यायला ठेवून घेतलं. बारा मजले. पहिले काही दिवस जिन्यानं चढली, मग कोणीतरी लिफ्टमधून जाऊ दिलं. घरी येऊन सांगायची, "भिंतीले पाणी देलं तं भिंत गुमसुम राह्यते. वेल कशी, दुसऱ्या दिवशी मान वर करून पाह्यते." उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे आले. साहेबानं त्यांना फिरवून सगळं इंग्रजीत समजावलं. ही नवं लुगडं नेसून कुंड्यांपाशी उभी होती. मी विचारलं, काय सांगत होते? म्हणाली, "मले काय मालूम? पण माह्या वेलीइकडे बोट दाखवलं बाप्पा."

तिथंही ती घोट घेतच होती. बाराव्या मजल्यावर कुंडीमागं तिनं पितळी गडवा ठेवला होता. सकाळी नळ सोडायची, गडव्यात घ्यायची, चाखायची, मग वेलींना. एकदा मी विचारलं, कसं आहे पाणी? "खारं नाई. चालते." तिच्या जिभेला मीठ ओळखता येत होतं. एवढंच मी तिला शिकवलं होतं.

उन्हाळा संपता संपता तिचे डोळे पिवळे झाले. आम्ही आधी गावठी औषध केलं. आठ दिवस त्यात घालवले, हीही माझीच अक्कल. मग सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई होती, भली होती. "आजी, पाणी कुठलं पेता?" ही म्हणाली, "घरचं. कामावर बी घरूनच बाटली नेतो." डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. खोटं नव्हतं ते. बाटली मीच भरून द्यायचो. चाखलेलं पाणी आम्ही दोघांनीही कधी प्यालेल्यात धरलं नव्हतं. ते काम होतं.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं माझा हात कपाळावर ठेवला. "उलटा ठेवा जी," म्हणाली. मी उलटा ठेवला. कपाळ तापलं होतं. संध्याकाळी थंड झालं.

तेरवी झाल्यावर मी गडवा आणायला हिरव्या बिल्डिंगीत गेलो. कोणीतरी पाहुणे आले होते, या वेळी मराठी. साहेब त्यांना बाराव्या मजल्यावर कुंड्यांपाशी सांगत होता, "या झाडांना आम्ही प्यायच्या पाण्याचा एक थेंबही देत नाही. संडास-बाथरूमचं जे पाणी खाली जातं, तेच साफ करून वर येतं." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, साहेब, मशीन रोज चालते का? तो म्हणाला, "चालते ना बाबा. मधे काही दिवस बिघडलं होतं. पण ते झाडांचंच पाणी आहे, पिते कोण?"

पिते कोण.

पाहुणे गेले. हिच्या जागेवर नवी बाई लागली होती, नातवंडं असलेली. दिवाळीपासून हिच्या हाताखाली होती म्हणे. तिनं कुंडीमागून गडवा काढला. आमचाच गडवा. नळ सोडला, भरला आणि डोळे मिटून तोंडाकडं नेला.

माझे गुडघे कसे चालले माहीत नाही. मी तिच्या हातावर फटका मारला. गडवा फरशीवर घरंगळत गेला.

"अवो बाबा! का करून राह्यले?"

"थुक! थुक पहिले!"

"पेलीच नाई अजून. काकूनं सांगतलं होतं, आधी चाखजो म्हणून. काकू म्हणे, झाडबी जीव हाय, खारं देल्लं तं मरन."

"काकूले कोणं सांगतलं होतं, मालूम हाय?"

तिनं मान हलवली. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. मग ते पाणी कुठून येते, ते सांगितलं. ती पदरानं तोंड पुसू लागली. पुसतच राहिली. आतापर्यंत किती दिवस चाखलं, हे ती मनात मोजत असावी. मी म्हटलं, डोळे दाखव. तिला उजेडात उभं केलं. डोळे पांढरे होते.

त्या दिवशी तिनं सगळ्या मजल्यांवर पाणी देईपर्यंत मी तिच्या मागं मागं फिरलो. झाडांकडं पाहिलं नाही, तिच्या तोंडाकडं पाहत होतो. तीनदा तिचा हात तोंडाकडं गेला. तीनदा मी खाकरलो. हात खाली आला.

गडवा घरी आणला नाही. नळाखाली ठेवला असता तर पुन्हा कोणी भरला असता, म्हणून ठेचून चपटा केला आणि तिथंच कुंडीत मातीखाली पुरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. गेटवरच्या पोरानं विचारलं, आजोबा, काय काम आहे? म्हटलं, पाणीवालीचा माणूस आहे. आता रोज जातो. ही सवय लवकर सुटत नाही, हे मी चाळीस वर्षं पाहिलं आहे.