चौथ्या वाटीतला पाक

'सगळं गोड सारखंच' असं कुणी म्हटलं की अंबादास सरवदेच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आणि अंधेरीतल्या ज्या कॅफेत तो पॅनकेक भाजायचा, तिथे हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायचं, तेही मालकाच्या तोंडून.

अंबादास कराडकडचा. त्याच्या बापाने गावच्या गुऱ्हाळावर जन्मभर चुलवाणात उसाची चिपाडं सारली, पण रस आटवायच्या काहिलीतल्या पाकाला त्याने बोट लावलेलं गावाला खपलं नसतं. त्याच्या घामावर शिजलेला गूळ चालायचा, बोटाने मात्र बाटायचा. त्या चिडीने अंबादास तीन तालुके ओलांडून गेला आणि तिथे, त्याची जात ठाऊक नसलेल्या एका गुऱ्हाळावर, गुळव्या झाला. पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस तो गुळव्या. पहिली चव आपण घ्यायची आणि काहिलीत काय घातलं ते विचारणाऱ्याला खरं सांगायचं, ही त्याची रीत. पुढे ते गुऱ्हाळ बंद पडलं आणि तो घाटकोपरला बहिणीकडे आला.

कॅफेत मेपल सिरप पहिल्यांदा चाखलं तेव्हा तो खूश झाला होता. गल्ल्यावरच्या मानसीने त्याला मोबाइलवर वाचून दाखवलं, की तिकडे कॅनडात थंडी सरताना झाडाचा रस काढून आटवतात. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकं सोनेरी, मग तांबूस, मग गडद, आणि शेवटचं काळपट. अंबादासने लगेच तिला सांगितलं, की आमची काकवीही उन्हं तापली की अशीच काळी पडते. एवढ्या लांबच्या माणसांचं आणि आपलं गणित एकच निघालं, याचं त्याला फार अप्रूप वाटलं.

मार्चमध्ये मालकाने, म्हणजे हर्षदने, मेपल महोत्सवाचा फलक लावला. चार वाट्या, चार प्रती, चाखा आणि आवडती निवडा. डबा आला तो एकट्या सोनेरी सिरपचा. बाकीच्या तीन प्रती साखर जाळून बनवा, असं हर्षदने त्याला सांगितलं. अंबादासने साफ नकार दिला.

"राहू द्या काका," हर्षद म्हणाला. "तुम्हाला नाही जमायचं ते."

झालं. शहाणा अंबादास नेमका तिथेच फसला. ज्या माणसाला नुसत्या बुडबुड्यांवरून पाक कळतो, त्याला जमायचं नाही? सकाळभर गॅसपुढे उभं राहून त्याने साखरेचे तीन रंग काढले. मेपलचा वास मेथीच्या जवळचा आहे, हे त्याच्या जिभेने कधीच हेरलं होतं, म्हणून मेथ्या उकळून ते पाणी पाकात घातलं. हर्षदने चाखून त्याची पाठ थोपटली, तेव्हा आपण काय करून बसलो ते त्याला उमगलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी कॅफे भरला. हर्षदने त्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि हे आमचे सिरप मास्टर, असली गुऱ्हाळवाले, अशी ओळख करून दिली. म्हणजे जी कला शिकायला बापाला बंदी होती, ती आता लबाडीवर शिक्का मारायला कामाला येत होती. अंबादासच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

नातीबरोबर आलेल्या माधुरीताई नावाच्या आजी चौथी वाटी चाटूनपुसून संपवत होत्या. त्यांनी अंबादासला सहज विचारलं, "यातलं तुमचं आवडतं कुठलं हो?"

"आजी, सगळं गोड सारखंच," हर्षद मध्येच म्हणाला.

अंबादास क्षणभरही थांबला नाही. "पहिलं," तो म्हणाला. "ते झाडाचं आहे. बाकीचे तीन पाक साखरेचे. मेथीचं पाणी घालून मीच केलेत आत गॅसवर."

आजींनी चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरची माणसं आपापल्या वाट्यांकडे बघायला लागली. हर्षदने त्याला दंडाला धरून आत ओढलं. तो रागाने लालबुंद झाला होता.

"केलेत कुणी? तुम्हीच ना? मग चोर कोण, काका?"

"दोघं," अंबादास म्हणाला आणि ॲप्रन काढून ओट्यावर ठेवला.

तो रागातच कॅफेबाहेर पडला. त्यातला निम्मा राग स्वतःवर होता, आणि तोच जास्त जाळत होता. मेट्रोत त्याने तीनदा हात नाकाशी नेला. घाटकोपर येईपर्यंत बोटांचा मेथीचा वास काही गेला नाही.